जमनीबायची पडीक जमीन

जमनीबाय,

परवा तालुक्याच्या एका पाक्षिकाच्या संपादकांचा फोन आला. तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणाले, आणि आधी जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, आधारकार्डावर एक जानेवारी आहे. ते म्हणाले, खरी सांगा. खरी कुणाला ठाऊक? तुझ्या पाड्यातली निम्मी माणसं एक जानेवारीला जन्मलेली. तू सांगायचीस, ज्या साली नदीचं पाणी देवाच्या चौथऱ्याला टेकलं त्या साली, भात पोटरीत असताना तू झालीस. तेच त्यांना सांगितलं. मग शिक्षण विचारलं, भूषवलेली पदं विचारली, पुरस्कार विचारले. शेवटी मी म्हटलं, राहू द्या, मी तिलाच लिहिते.

तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. तुला वाचता येत नव्हतं. असतीस तरी हे सवितानेच वाचून दाखवलं असतं, आणि दुसऱ्याच ओळीला तिला थांबवून तू विचारलं असतंस, "ही कोन बोलते?"

पहिल्या भेटीत मला हेच विचारलं होतंस. आठवतं का? पालघरला कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. दुपारची वेळ, मी नुकताच डबा उघडलेला. तू आणि तुझी सून सविता दोन एसट्या बदलून आला होतात. सविता दहावीपर्यंत शिकलेली, तिने ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस वहीत उतरवून आणली होती. नदीवर मोठं धरण होणार, तुमचा टेंभुर्णपाडा आणि शेजारचे पाडे पाण्याखाली जाणार, हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावे.

"लिव," तू म्हणालीस आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर मांडी घालून बसलीस.

तू बोलत गेलीस, मी टाइप करत गेले. वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतेय, बोटांना वळण पडलंय. संपल्यावर तू म्हणालीस, आता वाच. मी वाचलं, "उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणांस नम्र विनंती करते की, सदर प्रकल्पामुळे अर्जदाराची शेतजमीन बुडीत क्षेत्रात जात असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा..."

"ही कोन बोलते?"

"तुम्हीच, मावशी."

"मी? मी इनंती कवा केली? मी नाय म्हनले. नाय लिव."

"अर्जात असं थेट लिहीत नाहीत."

"मंग कसं लिवतात?"

"नम्रपणे लिहायचं असतं."

"बरं," तू म्हणालीस. "नम्र नाय लिव."

सविताने पदर तोंडात कोंबला. मी चिडले होते, कारण भात गार होत होता आणि माझ्या मराठीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तीनदा खोडलं. शेवटी तू बोललीस तेच, तुझ्याच शब्दांत ठेवलं. आमी टेंभुर्णपाड्याची मानसं. आमी हितून जानार नाय. तुमी कागदावर आमची जमीन पडीक लिवली हाय. ती पडीक नाय. येऊन बघा. येताना सांगून या, म्हंजे जेवन करू.

आवक टेबलावरचा कारकून वाचून हसला. मग पुन्हा वाचलं आणि शेजारच्याला बोलावून दाखवलं. पोच दिली तेव्हा शिक्का फिका उठला होता. तू त्याला परत शाई लावायला लावून दुसरा मारून घेतलास. निघताना माझ्या डब्यात डोकावलीस, भात गार झालेला बघून स्वतःच्या फडक्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि मिरचीचा ठेचा त्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "मला तुमी-बिमी नको म्हनू. मी काय कलेक्टर हाय का?"

त्या दिवसापासून तू जमनीबाय, मी शैलाबाय.

मी तुझ्या बाजूची नव्हते, हे मी कधी लपवलं नाही. निदान एवढं तरी नाही. आम्ही मूळचे साताऱ्याकडच्या दुष्काळी गावातले. नवऱ्याला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून सरावलीला येऊन राहिलो. आमच्या गावाकडे धरण म्हणजे देव. मी लहान असताना कालव्याला पहिल्यांदा पाणी आलं, तेव्हा आजीने त्या पाण्याची खणानारळाने ओटी भरली होती आणि गावातले पुरुष कालव्यात उतरून लहान मुलांसारखे एकमेकांवर पाणी उडवत होते. ते पाहिलेल्या माणसाने धरण नको कसं म्हणायचं? तुला हे सगळं मी सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस.

"तुझ्या गावाला पानी आलं, बेस झालं," तू म्हणालीस. "पन आजीला कोनी सांगलं का, त्या पान्याखाली कोन ऱ्हात व्हतं?"

मला राग आला. तुझ्याशी बोलताना मला किती वेळा राग आला असेल, जमनीबाय! आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात मी एसटीत बसून तुझ्याकडे निघालेली असायचे.

तुझ्या पाड्यावर पहिल्यांदा आले ते भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, आधी. धरणाच्या पाहणी अहवालात ज्या उताराला पडीक आणि झुडपी म्हटलं होतं, तिथे तू मला घेऊन गेलीस. एका झुडपापाशी थांबून विचारलंस, "ह्ये काय?"

"झाड."

"ह्ये?"

"तेही झाडच."

"आन् ह्ये गवत असंल मंग?"

"हो."

तू कपाळावर हात मारलास. मग एकेकाचं नाव सांगत सुटलीस. कुठल्या पाल्याची भाजी कुठल्या महिन्यात करायची, कुठला कंद तीन वेळा उकडून पाणी टाकल्याशिवाय खायचा नाही, बाळंतिणीला काय द्यायचं, बैलाचं पोट फुगलं तर काय पाजायचं. जिथे मला मोकळी जमीन दिसत होती ते तुमचं वरकस होतं. दोन-तीन वर्षं नागली, वरई पिकवून पुढची काही वर्षं विसाव्याला सोडलेलं. "मानूस झोपला तर त्याला मेला म्हनतात का?" तू विचारलंस. पाहणी करणारे जीपमधून आले होते, त्यांनी तेवढ्यात पाहिलं आणि मेला म्हणून लिहून गेले.

खाली नदीपाशी एका जागी तू थांबलीस. मग म्हणालीस, "हितं ह्याला जाळला." तुझा नवरा. मी काही बोलायच्या आत तूच सांगितलंस की तो फार आळशी होता, आणि चिता पेटायलाही त्याने खूप वेळ लावला. एवढं बोलून तू खळखळून हसलीस. हसावं की नाही हे मला कळेना. तू म्हणालीस, "हस गं, त्याला आवडंल."

मग तू माझ्याकडे सरावलीला आलीस. आमच्या इमारतीत पाणी एक दिवसाआड यायचं, तेही जेमतेम तासभर. तू आलीस तेव्हा मी पदर खोचून पिंपं भरत होते, हंडे, बादल्या, कुकर, सगळं. तू दारात उभी राहून बघत होतीस. नव्या धरणाचं पाणी आमच्याकडेच येणार होतं; मला वाटलं, आता हिला पटेल. मी म्हटलं, "बघ. आम्हाला पाणी नको का? आम्ही काय चैन करतो?"

तू आधी पदर खोचलास, माझ्याबरोबर उरलेले हंडे भरू लागलीस. नळ गेल्यावर एक पेला पाणी प्यायलीस आणि विचारलंस, "ह्ये पानी कुठून येतं?"

"वरच्या धरणातून."

"तिथली मानसं कुठं गेली?"

"मला काय माहीत?"

"इचार," तू म्हणालीस आणि चहा मागितलास.

मी विचारलं. नवऱ्याला विचारलं, त्याने कंपनीत विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग एकदा जिन्यात मंजीला सहज विचारलं. मंजी आमचा जिना झाडते. हातातला झाडू न थांबवता ती म्हणाली, "मी हाय की तिथली." धरण झालं तेव्हा ती कडेवर होती. दुसरीकडे जमीन मिळाली, ती खडकाळ निघाली, बाप वीटभट्टीवर गेला, आणि मग सगळं घर कामाच्या मागे फिरत फिरत इथे आलं. पाणी येतं त्या दिवशी मंजीसुद्धा आमच्या खालच्या नळावर हंडा घेऊन रांगेत उभी असते. सहा वर्षं ती माझ्या दारासमोरून झाडत गेली होती. मी तिला दिवाळीला साडी दिली होती, गाव मात्र कधी विचारलं नव्हतं.

तुला हे सांगितलं तेव्हा तू जिंकल्यासारखी बोलशील अशी मला भीती होती. तू एवढंच म्हणालीस, "तिला घेऊन ये की जेवायला."

त्याच खेपेला तुला समुद्र दाखवायला मी जवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर नेलं. जन्म नदीकाठी काढलास आणि समुद्र पाहिला नव्हतास. वाळूत उतरलीस आणि उभीच राहिलीस. पाणी पायाला लागलं तशी मागे सरलीस, मग पुढे गेलीस, चुळकाभर तोंडात घेतलंस आणि माझ्याकडे वळून थुंकलीस. "खारट! एवढं पानी आन् खारट!" मग बराच वेळ क्षितिजाकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणालीस, "ह्याला अजून कोनी भिंत घातली नाय वाटतं."

तिथे सुकट वाळत घालणारी हिराबाय आपली हसता हसता खाली बसली. ती शेजारच्या दांडी गावची, माशाचा धंदा करणारी, माझी ओळखीची. तुम्हा दोघींची जी गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. तुझी बोली तिला अर्धी कळेना, तिची तुला अर्धी कळेना, पण दोघी एकाच वेळी बोलत होतात आणि दोघींना सगळं समजत होतं. तू पिशवीतली कर्टोली तिच्या पदरात ओतलीस, तिने सुकट तुझ्या पिशवीत. तुझी नदी कुठल्या खाडीला मिळते हे ऐकल्यावर हिराबाय हसायची थांबली. तिचं माहेर त्याच खाडीवरचं.

"पावसात वरचा गोडा पानी येतो तवा मावरा खाडीत चढतो," ती म्हणाली. "तुमच्याकडं पानी अडवला तर आमच्याकडं काय येईल? आमाला तर कोनी इचारला पन नाय."

"तुला कशाला इचारतील?" तू म्हणालीस. "तू कागदात नायच. मी निदान पडीक तरी हाय."

पुढे सुनावणी लागली. तालुक्याच्या सभागृहात, जिल्ह्याहून आलेल्या साहेबांपुढे. आदल्या आठवड्यात तू घरोघर निरोप दिलास की भाषणं नकोत, प्रत्येक घराने त्या पडीक जमिनीतली एक वस्तू आणायची, दोन घरांची एक नको. मला वाटलं होतं पंधरा-वीस वस्तू जमतील. त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी टोपल्यांची रांग लागली. टाकळा, कर्टोली, अळंबी, बांबूचे कोवळे कोंब, वाळवलेली मोहाची फुलं, मोहाच्या बियांचं तेल, मध, डिंक, नागली, वरई, उडीद, खुरासणी, औषधाच्या मुळ्या, टोपल्या विणायच्या बांबूच्या काड्या. कुणी नदीतले मासे आणले होते. हिराबाय दांडीच्या बायकांना टेम्पोत घालून आली होती, त्यांच्या डोक्यावर खाडीच्या कोळंबीच्या पाट्या. मंजी होती. सरावलीच्या आमच्या इमारतीतल्या अकरा जणी होत्या, त्यांच्या सह्यांचा कागद माझ्या हातात. आम्हाला पाणी हवं, पण कुणाचं घर बुडवून नको, एवढंच त्यावर होतं. तो मीच टाइप केला होता, आणि खरं सांगते, त्यात एकही "उपरोक्त" नव्हतं.

तुझं नाव पुकारलं तशी तू व्यासपीठावर चढलीस आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या फायलींच्या शेजारी, एकेक टोपली मांडायला लागलीस. शिपाई अडवायला आला, त्याच्याच हातात तू मधाची बरणी दिलीस. जागा पुरेना तशा टोपल्या खाली मांडल्यास. मग म्हणालीस, "साहेब, तुमच्या कागदात पडीक लिवलंय. ह्ये बघा पडीक."

आणि तेवढ्यात एक चिंबोरी सुटली. कुणाच्या टोपलीचं फडकं सैल होतं देव जाणे. ताजी, नदीकाठची, ताटलीएवढी खेकडी आडव्या चालीने टेबलाखाली शिरली. मुख्य साहेबांनी खाली पाहिलं आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. त्यांच्या शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. सगळं सभागृह हसायला लागलं. तू गुडघ्यावर बसून टेबलाखाली गेलीस, तिथूनच ओरडलीस, "भिऊ नका साहेब, ती पन हरकत घ्यायला आली हाय!"

साहेबही हसले. पाय खाली ठेवताना त्यांनी विचारलं, "हे सगळं खरंच त्या जमिनीतलं आहे?" त्या दिवशी तिथे विचारला गेलेला तो पहिला खरा प्रश्न असेल.

"खोटं वाटत असंल तर चला," तू चिंबोरी धरून बाहेर येत म्हणालीस. "मी अर्जात लिवलंय, जेवन करू म्हनून."

ते आले. तीन आठवड्यांनी, दोन माणसं बरोबर घेऊन. जीप पाड्याबाहेर उभी करायला लावून तू त्यांना सगळा उतार पायी फिरवलास. सुरुवातीला ते वहीत लिहीत होते, मग बूट चिखलात रुतले तसे बूट हातात घेऊन चालू लागले. तुझ्या ओट्यावर पंगत बसली. तू प्रत्येक भाजी वाढताना ती कुठल्या सर्व्हे नंबरातली ते सविताला वाचायला लावत होतीस. "ही एकशे चारमदली. अजून घ्या, अजून बरीच पडीक हाय." साहेब पोट धरून हसत होते आणि खात होते. जाताना ते ओट्यावर बूट घालायला बसले. माझ्या वडिलांचीही अशीच जमीन होती, एवढं म्हणाले. मग जीपकडे चालू लागले.

तुमच्या ग्रामसभेने ठराव केला, शेजारच्या पाड्यांनीही केले. नव्याने पाहणी झाली आणि त्या अहवालातून पडीक हा शब्द गेला. त्यानंतर खूप दिवस काहीच झालं नाही. मग ते पत्र आलं. सविता ते घेऊन धावतच माझ्या दुकानात आली, तू तिच्या मागे धापा टाकत. मी वाचलं, "सदर प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे."

"तूर्त म्हंजे?"

"म्हणजे सध्या."

"सध्या म्हंजे किती?"

"ते लिहिलेलं नाही."

तू जरा विचार केलास. मला वाटलं, खट्टू झालीस. "मंग आज नाचून घेऊ," तू म्हणालीस. आणि माझ्या दुकानात, झेरॉक्स मशीन आणि बाक यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढ्यात, माझ्या कमरेला विळखा घालून तू नाचलीस. बाहेर स्टॅम्पपेपरवाले, वकील, गिऱ्हाइकं सगळी बघत उभी. माझा गुडघा त्यानंतर चार दिवस दुखत होता. तो नाच मला कुणी परत दिला तर दुसरा गुडघाही देईन.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. तू म्हणायचीस, लहान लहान बंधारे बांधा, आमची शेतं भिजवा, उरलं तर न्या. मी म्हणायचे, लहान बंधाऱ्यांनी शहर भागत नाही गं. तू म्हणायचीस, मंग शहर लहान करा. मी म्हणायचे, माणसं कुठे घालवू? तू म्हणायचीस, आमाला घालवताना हा इचार केला व्हता का? इथे येऊन आपण दोघी दर वेळी अडायचो. तुझ्याकडेही सगळ्याची उत्तरं नव्हती, जमनीबाय, आणि तू तसं कबूलही करायचीस. फक्त म्हणायचीस की उत्तर शोधायला बसाल तेव्हा आमाला पन पाटावर बसवा. मागच्या महिन्यात फोनवर मी तुला म्हटलं होतं, आमच्या इमारतीच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं ठरलंय, टाकी आणलीय. तू विचारलंस, केवढी? मी सांगितलं. तू म्हणालीस, "एवढीशी? तुमी बायका भांडाल." आपलं शेवटचं बोलणं ते. मग तुला ताप आला, आणि सविताचा फोन आला तेव्हा मी निघेपर्यंतही थांबली नाहीस.

टाकी लहानच आहे. आम्ही भांडतोही. मंजीचा हंडा पहिला भरायचा असं ठरलंय, त्यावर मात्र कुणी भांडत नाही.

आता तुला जे कधी सांगितलं नाही ते.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलीस त्याच्या आदल्याच आठवड्यात मी आणखी एक अर्ज टाइप केला होता. आमच्या सरावलीच्या रहिवाशांचा. वरच्या नदीवरील प्रस्तावित धरणाचे काम तातडीने सुरू करावे, विरोधाकडे लक्ष देऊ नये. मजकूर माझा, आणि खाली पहिली सही माझी. तुझा अर्ज टाइप करत होते तेव्हा तो त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. तू बाकावर मांडी घालून नाय लिव म्हणत होतीस आणि मी मान खाली घालून टाइप करत होते. पुढे वाटलं, सांगून टाकावं. नवापूरच्या वाळूत तोंडाशी आलं होतं. तुझ्या ओट्यावर ताटावर बसल्यावर आलं होतं. दुकानात तू नाचलीस त्या दिवशी तर अगदी सांगणारच होते. धीर झाला नाही. तू मला तुझं माणूस म्हणून साऱ्या पाड्यात मिरवत होतीस, आणि मला वाटे, हे कळलं तर तुझं ते हसू माझ्यापुरतं बंद होईल.

काल तुझ्या बाराव्याला पाड्यावर गेले होते. हिराबाय आली होती, मंजी आली होती. ओटा भरला होता, अंगणातही माणसं. पंगत बसायला वेळ होता, म्हणून मी सविताजवळ पत्रावळी पुसत बसले. मनात म्हटलं, तुला सांगायचं राहिलं, निदान तुझ्या सुनेला सांगावं. मी सांगितलं. सगळं, पहिल्या सहीसकट.

सविता पत्रावळी पुसतच राहिली. म्हणाली, "ठाव हाय."

"कुणाला?"

"आयेला ठाव व्हतं. सुनावनीच्या आधी आमी माहितीच्या अधिकारात सगळी फाइल काढली ना, ती मीच तिला वाचून दाखवली. तुमचं नाव आलं तशी मी थांबले. ती म्हनली, परत वाच. वाचलं. म्हनली, सही तीच हाय का? मी म्हनलं, तीच."

मी हातातली पत्रावळ खाली ठेवली. "मग?"

"मंग ती हसली. म्हनली, ही फाइल तिच्या दुकानात नेऊ नको, समोरच्याकडं झेरॉक्स कर."

"मला का नाही विचारलं तिने?"

"मी म्हनले तिला, इचार म्हनून. मला लय राग आला व्हता तुमचा. ती म्हनली, नको. कळलं तर ती लाजंल. लाजलेलं मानूस भांडत नाय. मंग मी भांडू कोनाशी? तुझ्याशी? तुला जरा बोललं का तू रडतीस."

एवढं सांगून सविता खरंच रडायला लागली. रडता रडताच तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली. माझंही तेच झालं. बायका विचारू लागल्या काय झालं, काय झालं, तर सविताला बोलवेना, मग तिने कसंबसं सांगितलं, आणि हिराबायने मांडीवर अशी थाप मारली की पत्रावळी उडाल्या. मंजी हसली. तुझ्या शेजारणी हसल्या. अंगणातल्या म्हाताऱ्यांनी माना वळवून पाहिलं, त्यांनाही कुणीतरी सांगितलं, आणि तेही हसायला लागले. भाताचं पातेलं घेऊन वाढपी पंगतीच्या तोंडाशी उभा होता आणि आमच्यातलं कुणीच पत्रावळ पुढे करत नव्हतं.